खोडगाठीचे लाकूड आणि कातारी

सरळ ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतो. परंतु गाठीच्या ओंडक्यात कुऱ्हाड अडते, हा अनुभव सरपण फोडणाऱ्या प्रत्येकास आहे. ज्या कारणामुळे कुऱ्हाड अडते, त्याच कारणामुळे ते लाकूड घासून गुळगुळीत केल्यावर विलक्षण सुंदर दिसते. हे कारण कोणते, याचा विचार या पाठात करू.

बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण हे गाव लागते. तेथील कातारी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे परंपरागत लाकूड म्हणजे काळा कुडा होय. कन्नड भाषेत त्यास ‘हाले’ म्हणतात. हे लाकूड फिकट, मऊ व एकसारख्या पोताचे असते. फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी आणतात. लाखेचा रंगच येथे शोभा देतो. म्हणून लाकूड साधे व सरळ असणे सोयीचे ठरते. खोडगाठीचे लाकूड याच्या अगदी उलट आहे.

लाकूड हे सूक्ष्म नळ्यांसारख्या पेशींचे बनलेले असते. सरळ खोडात या नळ्या मोळीतील काड्यांप्रमाणे एकाच दिशेने उभ्या असतात. उसाच्या पेरावर जसा डोळा असतो, तसे सुप्त डोळे झाडाच्या सालीखालीही असतात. इजा, बुरशी किंवा कीड यांमुळे, तर काही झाडांत आनुवंशिक गुणामुळे, एका जागी असंख्य डोळे निर्माण होतात. पण त्यांच्या फांद्या होत नाहीत. खोड वर्षानुवर्षे त्यांभोवती वाढत राहते व खडबडीत फुगवटा तयार होतो. त्यास आपण येथे खोडगाठ म्हणू. निलगिरीच्या अनेक जातींत असा फुगवटा रोपावस्थेपासूनच बुंध्याशी असतो. वणव्यानंतर त्यातूनच नवे धुमारे फुटतात.

खोडगाठीत पेशींची दिशा पदोपदी बदलते. निरनिराळ्या दिशांचे तंतू प्रकाश निरनिराळ्या प्रकारे परावर्तित करतात. त्यामुळे पृष्ठभागावर भोवरे, लाटा व डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. सौंदर्याचे कारण हेच आणि अडचणीचेही हेच. पटाशी एका क्षणी तंतूंच्या बाजूने जाते, तर दुसऱ्या क्षणी त्यांच्या टोकांवर आदळते व लाकूड उपटून काढते. शिवाय लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने १ टक्क्याहूनही पुष्कळ कमी आकसते. वाढीच्या कड्यांच्या दिशेने मात्र सामान्यतः ५ ते १० टक्के आकसते. खोडगाठीत या दिशा एकमेकींत मिसळलेल्या असल्याने वाडगे वाकडे होते किंवा तडकते.

म्हणून कुशल कातारी उतावीळ होत नाही. तो ओले लाकूड जाडसर कातून ठेवतो, उघड्या तंतूंवर मेण लावतो व कित्येक महिने ते सावलीत वाळू देतो. त्यानंतरच धारदार गोल पटाशीने, अगदी पातळ छिलका काढीत, तो त्यास अंतिम आकार देतो.

वेगाकडेही लक्ष द्यावे लागते. २० सेंटिमीटर व्यासाचे वाडगे मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदास सुमारे ६.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर वेगाने धावते. फेरे तिप्पट केले तर तुकडा बाहेर फेकू पाहणारे बल नऊपट होते. खोडगाठीत साल व पोकळ्या दडलेल्या असतात. तेथून तुकडा निखळल्यास इजा होते. यास्तव प्रारंभी वेग कमी ठेवावा, तोंडावर ढाल व नाकावर धूळरोधक पट्टी असावी.

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात १९३८ साली वनसंशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९८८ पासून ती काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. लाकडाचे गुणधर्म तपासून त्याचा योग्य उपयोग ठरविणे हे अशा संस्थेचे कार्य होय.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. जिवंत झाडाची खोडगाठ कापल्यास मोठी जखम उघडी पडते व तेथून बुरशी आणि कीड आत शिरते. कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्षांच्या गाठी चोरीस जाऊ लागल्यामुळे २०१४ साली तेथील राष्ट्रीय उद्यानातील एक रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. कर्नाटकात वृक्षतोडीवर १९७६ च्या कायद्याने नियंत्रण आहे. बंगळुरूत पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत रस्त्याकडेची जुनी झाडे उन्मळून पडतात. रीतसर परवानगीने मिळालेले असे लाकूड सरपणात जाण्याऐवजी कातारीच्या हाती पडले, तर झाडाने जखमेभोवती वर्षानुवर्षे घडविलेली ही नक्षी टिकून राहील. आणि त्यासाठी दुसऱ्या झाडाला नवी जखम करावी लागणार नाही.

अभ्यास : सरपणातील एक सरळ व एक गाठीचा तुकडा घ्या. दोन्ही घासून गुळगुळीत करा, उन्हात तिरपे धरा आणि प्रकाशात पडणारा फरक वहीत लिहा.