वाणी आणि श्रवण

आपण ज्याला मुके म्हणतो, ते मूल बहुधा मुके नसते. त्याची जीभ, ओठ, टाळू व कंठ निर्दोष असतात. कानांवर शब्दच पडत नाहीत, म्हणून ते बोलावयास शिकत नाही. मुंबईत बधिर मुलांसाठी शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. परंतु कोणाला किती ऐकू येते हे मोजणारा व त्याप्रमाणे त्याला बोलते करणारा तज्ज्ञ विद्यापीठाने तयार करावा, हा विचार विसाव्या शतकातला.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 1920 नंतरच्या दशकात वाणीदोषांचा शास्त्रीय अभ्यास रुजला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या गडगडाटाने असंख्य सैनिकांची श्रवणशक्ती क्षीण झाली. त्यांच्यावरील उपचारांतून श्रवणमापनाचे शास्त्र वाढीस लागले व वाणीच्या अभ्यासाला त्याची जोड मिळाली.

आपल्या देशात 1965 साली म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. तेथे प्रथम पदव्युत्तर वर्ग निघाला आणि पदवीचा वर्ग 1968 मध्ये सुरू झाला. पायाआधी कळस चढविण्याचाच हा प्रकार, असे कोणी म्हणेल. पण शिकविणारेच नसतील, तर पदवीचा वर्ग चालविणार कोण? मला तरी हा क्रम शहाणपणाचा वाटतो. त्याच दशकात मुंबईतील नायर रुग्णालय व टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय येथेही हे शिक्षण सुरू झाले. पुढे 9 ऑगस्ट 1983 रोजी मुंबईतच वांद्रे येथे राष्ट्रीय संस्था उभी राहिली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले.

यंत्रे परदेशातून आणता येत. भाषा मात्र आणता येत नव्हती. श्रवणाची परीक्षा घ्यावयाची तर मुलाच्या कानावर त्याच्याच भाषेतील शब्द पडावयास हवेत. 'चार' आणि 'चारा' यांतील च लिहिताना सारखाच, पण उच्चार भिन्न! हा भेद इंग्रजी शब्दांची यादी कसा शिकविणार? 'स' हा वर्ण तर फारच नाजूक. त्याचा ध्वनी उंच व क्षीण असल्यामुळे ज्याला उंच स्वर ऐकू येत नाहीत, त्याला 'बाबा' ऐकू येते. 'वीस' मधला 'स' मात्र हरवतो. शिक्षक रागावतात, मूल हट्टी ठरते.

असे मूल महाड तालुक्यातील वीर गावी असेल, तर त्याला तपासणीस मुंबईलाच नेणे बहुधा भाग पडते. 1993 मध्ये रोहे ते वीर लोहमार्ग सुरू झाला आणि गावाला रेल्वेस्थानक लाभले. तरी वाणीचा पाठ रोजचा असतो. त्यासाठी रोज मुंबई गाठणे कोणाला परवडेल? म्हणून तज्ज्ञ मुलाबरोबर त्याच्या आईलाही शिकवितो. श्रवणयंत्र कानाला लावावे, आपले तोंड उजेडाकडे ठेवावे, मुलाची नजर आपल्या ओठांवर येऊ द्यावी आणि भाकरी हातात देण्याआधी स्पष्ट म्हणावे, ''भाकरी.'' मुलाने नुसते ''भा'' म्हटले, तरी त्या दिवशी भाकरी द्यावी.