देवगिरीचा वेढा आणि मिठाच्या गोण्या

तुळजापूरच्या मुक्कामी आईचे दर्शन आटोपून मंडळी पारावर टेकली होती. एका तरुण माळकऱ्याने विचारले, "बुवा, माउलींनी समाधी घेतली त्याच साली देवगिरी पडली म्हणतात. लोक टाळ कुटीत बसले म्हणूनच ना?" हा आक्षेप वारकऱ्यास पुष्कळदा ऐकावा लागतो. तेव्हा हकीकत नीट पाहू या.

देवगिरी ही यादवांची राजधानी. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्ररायाचे नाव घेतले, तोच हा राजा. पंढरीच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातही तो आहे.

इ. स. १२९६ च्या आरंभी कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी सुमारे ८,००० स्वार घेऊन निघाला. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता आणि सासराही. पण त्याला पत्ता लागू दिला नाही. चुलत्याशी बिनसले म्हणून राजमहेंद्रीस चाकरीला चाललो, अशी आवई उठवून एलिचपुरावरून तो थेट देवगिरीवर आला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली! राजा गडावर चढला, खालचे शहर लुटले गेले.

गड मोठा बळकट, कडा उभा. पण पोटाचे काय? घाईघाईत व्यापाऱ्यांच्या गोण्या धान्य समजून वर नेल्या, त्या निघाल्या मिठाच्या, असे फिरिश्ता लिहितो. तो पुष्कळ मागाहूनचा, गोष्ट थोडी रंगवलीही असेल; पण कोठार भरलेले नव्हते एवढे त्यातून उघड होते.

शंकरदेव परतला आणि शर्थीने लढला. खिलजीची फळी मोडत आली होती. इतक्यात गडाच्या वेढ्यावर ठेवलेला नुसरतखान हजारभर स्वारांनिशी धावून आला. धुरळा पाहून यादवांना वाटले, दिल्लीची मोठी फौज आली! तशी हूल आधीच उठवलेली होती. पळापळ झाली, आणि रायाला अपार सोने-मोती देऊन तह करावा लागला.

आता सांगा, यात टाळ कोठे आला? हेर झोपले, फौज दूर, कोठार रिकामे. माउलींची समाधी तर त्यानंतर, कार्तिकातली.

राज्य मात्र त्या दिवशी बुडाले नाही. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर आला, राया मांडलिक झाला. १३१८ मध्ये त्याचा जावई हरपाळदेव मारला गेला तेव्हा यादव संपले. नामदेवराय त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि पुढे बत्तीस वर्षे त्यांचे कीर्तन चालूच होते.