कणीपासून कुजणारं वेष्टण

प्रश्न : पेणला आमची भातगिरणी आहे. कणीपासून पोह्याच्या पापडांसाठी वेष्टण बनवता येईल?

उत्तर : पापुद्रा जरूर बनेल. 100 मिलि पाण्यात कणीचा 5 ग्रॅम स्टार्च 85 अंशांपर्यंत ढवळत शिजवा. खळ पारदर्शक झाली की दीड ग्रॅम ग्लिसरीन घाला, नाहीतर पापुद्रा वाळताच तडकतो. जोडीला रोह्याकडच्या वालांचं प्रथिन घ्या. वालपीठ सौम्य अल्कधर्मी पाण्यात भिजवून गाळा. निवळीत व्हिनेगर घातलं की प्रथिन तळाशी बसतं. तो साका पुन्हा अल्कधर्मी पाण्यात विरघळवून खळीत मिसळा, ताटात पातळ ओतून वाळवा.

असा पापुद्रा तेल अडवतो, दमटपणा नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चिकट होऊन बुरसतो, म्हणून पापडांसाठी मी तो सुचवणार नाही. कोरड्या दिवसांत चिक्कीच्या वड्यांना मात्र आतलं वेष्टण म्हणून करून पाहा.