बायपासनंतर नाडी ताल सोडते तेव्हा

बायपास होऊन दोन दिवस उलटले, रुग्ण चहा मागू लागला, की घरचे निश्चिंत होतात. नेमका तेव्हाच मॉनिटर ओरडतो. नाडी १३०-१४०, आणि एकही ठोका जागेवर नाही. नातेवाइकांचा धीर सुटतो. परिचारिका फारशी दचकत नाही, कारण बायपास झालेल्या दर चार-पाच जणांत एकाला तरी हा त्रास होतोच, झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्याहून अधिकांना. दुसरा ते चौथा दिवस हा त्याचा ठरलेला मुहूर्त. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात ‘ए-फिब’ म्हणतात.

बहुतेकांचा ताल काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतो. खरी धास्ती गुठळीची. हृदयाचा वरचा डावा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरतो, त्याला जोडलेल्या छोट्या पिशवीत रक्त साचून गोठतं, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

सर्जनच्या हातात बरंच काही आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये ४२० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साचणारं रक्त-पाणी निघून जावं म्हणून हृदयावरणाला मागच्या बाजूने चीर दिली. एवढ्यावर ए-फिबचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आलं! त्याच वर्षी २७ देशांतल्या सुमारे ४,८०० रुग्णांचा, कॅनडातून चालवलेला अभ्यास आला. या सगळ्यांना आधीपासून ए-फिब होतं. ज्यांची ती पिशवी शस्त्रक्रियेतच बंद केली, त्यांच्यात गुठळीने होणारे पक्षाघातासारखे झटके ४.८ टक्के, इतरांत ७. मात्र यातले बहुतेक जण रक्त पातळ करणारी गोळीही घेत होते. पिशवी बंद झाली, आता गोळी कशाला, हा हिशेब मनाने मांडू नये.

गोळ्यांची हेळसांड हे आपलं जुनं दुखणं. आधीपासून चालू असलेली, नाडीचा वेग आवरणारी बीटा-ब्लॉकर गोळी परस्पर सोडणं म्हणजे ए-फिबला आवतणच. मेकॅनिकल झडप बसवलेल्यांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉलच लागतं, आणि रक्त किती पातळ झालं हे दाखवणारी आयएनआर तपासणी वेळच्या वेळी. या गोळ्यांसाठी मेथी-पालक बंद करायचं कारण नाही, प्रमाण दर आठवड्याला सारखं असावं. गुडघेदुखीची गोळी मात्र औषधाच्या दुकानात विचारून घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो.

घरी आल्यावर मनगटावर बोटं ठेवून रोज मिनिटभर नाडी मोजावी. ठोके चुकत असतील किंवा छातीत धडधड, धाप जाणवली, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मालिश, कांदा हुंगवणं यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते द्यायचं की नाही हेही डॉक्टरांना ठरवावं लागतं. म्हणून औषधांची चिठ्ठी सोबत न्या, आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला होता, ते नीट सांगा.