दोन तक्त्यांची जोडणी

माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि त्यांतील समान मूल्यांवरून ते तक्ते एकमेकांशी जोडावेत, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी सादर केली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

समजा, एका अभ्यासकेंद्राच्या ‘विद्यार्थी’ तक्त्यात क्रमांक व नाव आहे : १०१ सुमन, १०२ रहीम, १०३ जोसेफ. ‘निकाल’ तक्त्यात क्रमांक, विषय व गुण आहेत : १०१ मराठी ६२, १०१ गणित ५५, १०२ मराठी ७१. येथे नावे पुन्हा लिहिलेली नाहीत. लिहिली असती, तर सुमनच्या नावातील एक चूक अनेक ठिकाणी दुरुस्त करावी लागली असती. नावासह गुण हवे असल्यास पृच्छा अशी होते (प्रत्यक्षात आज्ञाशब्द रोमन लिपीत लिहितात) :

सिलेक्ट वि.नाव, नि.विषय, नि.गुण
फ्रॉम विद्यार्थी वि
जॉइन निकाल नि
ऑन वि.क्रमांक = नि.क्रमांक

‘वि’ आणि ‘नि’ ही तक्त्यांची टोपणनावे होत. कृष्णाजी केशव दामले हे ‘केशवसुत’ म्हणून कायमचे ओळखले गेले. हे टोपणनाव मात्र पृच्छेबरोबरच संपते. ‘क्रमांक’ हा रकाना दोन्ही तक्त्यांत असल्यामुळे तो कोणत्या तक्त्यातील, हे सांगावेच लागते. तक्त्याचे पूर्ण नाव लावूनही ते साधते. टोपणनावाने वाक्य आटोपशीर होते, इतकेच. एकच तक्ता स्वतःशी जोडायचा असेल, तर मात्र टोपणनावावाचून इलाज नाही.

‘ऑन’नंतरची अट हा जोडणीचा प्राण आहे. अटीवाचून तक्ते एकत्र आणल्यास प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडली जाते. तीन गुणिले तीन, अशा नऊ ओळी येतात आणि रहीमच्या नावापुढे सुमनचेही गुण दिसतात!

वरील पृच्छेचे उत्तर तीन ओळींचे येते. यादी नीटस दिसते, पण तीत जोसेफ नाही. तो परीक्षेला बसला नाही, म्हणून ‘निकाल’मध्ये त्याचा क्रमांक नाही, आणि साधी जोडणी अशी ओळ कोणतीही सूचना न देता वगळते. पुनर्परीक्षेची पत्रे या यादीवरून पाठविली, तर ज्याला पत्र हवे नेमक्या त्यालाच ते जाणार नाही.

अशा वेळी ‘लेफ्ट जॉइन’ लिहावे. मग आधी लिहिलेल्या तक्त्यातील प्रत्येक ओळ राहतेच. जोसेफचे नाव येते आणि त्याच्या गुणांच्या जागी ‘नल’, म्हणजे रिकामी नोंद, दिसते. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य गुण मिळणे वेगळे आणि परीक्षेला न बसणे वेगळे. या पृच्छेच्या शेवटी ‘व्हेअर नि.क्रमांक इज नल’ ही ओळ घातली, की यादीत एकच नाव उरते : जोसेफ.