आधी तयारी, शेवटी तळणी: दिवाळी भेटीसाठी चीजची खारी शंकरपाळी



दिवाळीत आता नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधली माणसं यांना मिठाईऐवजी खारा खाऊ द्यायची पद्धत वाढतेय. मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांमधून आमच्या गटाकडे चीजच्या शंकरपाळीची मागणी येते. मुलांनाही ती आवडते.

पण पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. हाताशी वेळ होता म्हणून दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच सगळं तळून ठेवलं आणि घाईत कोमटच डब्यात भरलं. भाऊबीजेला एका ताईंचा फोन आला, "चव छान आहे हो, पण सादळलीय." डबे परत घ्यावे लागले. त्यातून एक गोष्ट शिकलो: आधी करायची ती तयारी, तळणी नव्हे.

साहित्य (एक घाणा)
मैदा अर्धा किलो, प्रोसेस्ड चीज 150 ग्रॅम, मोहनासाठी तूप 4 मोठे चमचे, ओवा आणि जाडसर मिरपूड प्रत्येकी 1 चमचा, मीठ अर्धा चमचा, लागेल तसं पाणी, तळायला तेल.

चीज घेताना पाकीट वाचा. घटकांमध्ये वनस्पती तेल असेल तर ते खरं चीज नव्हे. ते वापरून 'चीज शंकरपाळी' म्हणून विकू नका. पनीर किंवा ओलं चीज घालू नका, त्यात पाणी जास्त असतं. चीजमध्ये मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ बेतानं.

कृती
1. चीज बारीक किसा. मैद्यात ओवा, मिरपूड, मीठ मिसळा. तूप गरम करून घाला आणि चोळा. मूठ वळली पाहिजे.
2. कीस घालून पुन्हा चोळा. थोडं थोडं पाणी घालून घट्ट मळा आणि 20 मिनिटं झाकून ठेवा.
3. पोळीपेक्षा थोडं जाड लाटून कातणीनं कापा.
4. मंद आचेवर तळा. चीज लवकर लाल होतं. आच मोठी असली तर बाहेरून रंग येतो आणि आत ओल राहते. हीच ओल पुढे शंकरपाळी मऊ करते. चीज जास्त घातलं तर शंकरपाळी तेलात फुटते, म्हणून प्रमाण वाढवू नका.
5. कागदावर पसरून पूर्ण गार करा आणि लगेच हवाबंद डब्यात भरा. रात्रभर उघडी ठेवू नका, मुंबईची हवा दमट असते. आधी वापरलेलं तेल घेऊ नका, माल लवकर खवट होतो.

वेळापत्रक
• तीन आठवडे आधी: एक घाणा करून तीन डब्यांत भरा. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी एकेक उघडून वास, चव, कुरकुरीतपणा बघा. जितके दिवस माल चांगला राहिला, त्याच्या आतलीच तारीख लेबलवर घाला.
• दहा दिवस आधी: ऑर्डर बंद. आगाऊ रक्कम घ्या, डबे व लेबलं आणा.
• एक आठवडा आधी: चीज किसून 150 ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. मसाले मोजून पुड्या बांधा.
• चार दिवस आधी: मळणं, तळणं, भरणं, सगळं एकाच दिवशी. एकीनं मळावं, एकीनं लाटावं, एकीनं तळावं.

लेबल
पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची व वापराची तारीख, शाकाहारी खूण, गटाचं नाव व पत्ता, नोंदणी क्रमांक. गहू आणि दूध आहे हेही लिहा, काहींना ते चालत नाही. विक्री करायची तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 नुसार नोंदणी हवीच.

हिशेब
समजा एका घाण्याचं साहित्य, तेल, गॅस मिळून 260 रुपये झाले आणि पाव किलोचे तीन डबे भरले. डब्यांचे 45 रुपये. एकूण 305, म्हणजे डब्यामागे साधारण 102. आपण 130 ला विकतो आणि 28 सुटले म्हणतो. पण तीन तासांचे श्रम? तासाला 60 धरले तरी 180. एकूण खर्च 485, डब्यामागे जवळपास 162 रुपये. म्हणजे 130 ला विकताना आपण 32 रुपये पदरचे घालतो! आपला वेळ हा खर्चच आहे, तो वहीत आधी लिहा.

1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत उभं राहिलं. प्रत्येक पाकिटात तीच चव मिळते, हा विश्वास गिऱ्हाईकाला वाटला. आपल्या डब्यावरची तारीखही तशीच खरी ठरली पाहिजे.

पुढच्या बैठकीत यावर बोलूया
• आपल्या गटात तळणीच्या दिवशी कोण काय करणार?
• एका डब्याचा खरा खर्च किती येतो?
• चाचणीचे डबे कोण ठेवणार आणि नोंद कोण करणार?