सातबारा शोधण्याची रीत

शाळेंत नकाशा वाचावयास शिकवितात; परंतु घरच्या शेताचा सातबारा शोधावयास क्वचितच कोणी शिकवितो. पूर्वीं तो तलाठ्याच्या दप्तरांत असे व शोधण्याचें काम तलाठीच करी. आतां महाराष्ट्र सरकारच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर तो घरबसल्या पाहतां येतो. मात्र शोधण्याचें काम आपल्यावर आलें आहे. म्हणून त्याची रीत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

नमुना 7 यांत जमिनीचा धारक व त्याचे हक्क, नमुना 12 यांत पिकें; दोहोंचा मिळून सातबारा होतो. एका खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनी 8-अ मध्यें सांपडतात. हक्कांत बदल कां व केव्हां झाला, हें नमुना 6 म्हणजे फेरफाराची नोंदवही सांगते.

शोध म्हणजे चाळणीखालीं चाळणी. प्रथम महसुली विभाग निवडावा. राज्यांत ते 6 आहेत. मग जिल्हा, तालुका व गांव. येथें बुद्रुक आणि खुर्द यांची गल्लत केली कीं पुढचा सर्व शोध फुकट! शेवटची चाळणी दोन प्रकारची: गट क्रमांकाची किंवा नांवाची. क्रमांक घालतांना 45/2 असें न लिहितां केवळ 45 लिहावें. मग त्याचे हिस्से यादींत दिसतात, त्यांतून आपला निवडावा. नांवानें शोधतांना पहिलें नांव, मधलें नांव, आडनांव किंवा संपूर्ण नांव असे मार्ग आहेत. यंत्र अक्षरें जुळवितें, माणूस ओळखीत नाहीं. कागदावर ‘विठल’ असेल तर ‘विठ्ठल’ लिहून कांहीं हातीं लागेलच असें नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं पीककर्जासाठीं उतारा हवा होता. मुलानें आजोबांच्या नांवानें शोध केला, तों यादी रिकामी! जमीन कोणीं लाटली असें वाटून घरांत दोन दिवस चूल धड पेटली नाहीं. मग शेतसाऱ्याची एक जुनी पावती निघाली. तिच्यावरील गट क्रमांक घालतांच उतारा समोर आला. त्यावर आजोबांच्या दिवंगत थोरल्या भावाचेंच नांव होतें आणि पुढें ‘ए. कु. मॅ.’ हीं अक्षरें. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळीं सर्व भावंडांच्या वतीनें एकाचेंच नांव लावीत. त्यामुळें धाकट्याचा हक्क जात नसे, पण नांवही दिसत नसे. उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक होता. जुन्या कागदांच्या छायाप्रती ‘आपले अभिलेख’ येथें मिळतात. तेथें जिल्हा, तालुका, गांव व दस्तऐवजाचा प्रकार निवडून तो फेरफार काढला. त्यांत वारस म्हणून दोघेही भाऊ लिहिलेले होते.

फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठीं असतो, हेंही येथें सांगून ठेवतों. कामाला चालणारी डिजिटल स्वाक्षरीची प्रत शुल्क भरून घ्यावी लागते.

आजोबांनीं तहसीलदारांकडे अर्ज केला आहे. नांव लावण्याचा फेरफार धरला गेला म्हणजे त्याची नोटीस निघते व हरकतीसाठीं 15 दिवस मिळतात. अशा नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गांव निवडून पाहतां येतात. दुसऱ्या कोणाचा फेरफार आपल्या गटावर धरला गेला असेल, तर तोही तेथेंच कळतो. म्हणून तो मुलगा दर शनिवारीं शाळा सुटल्यावर चावडी पाहतो आणि आजोबांस वाचून दाखवितो.